रोजच्या बाई

माझं अक्षर कोंबडीच्या पायांचं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चौथीच्या बाकावरच राहून गेलं. हे कागद कधी कुणाच्या हाती लागलेच, तर आधीच माफी मागते. चुका माझ्या आहेत, बाईंच्या नाहीत. बाईंनी मला शिकवलं ते इंग्रजी, आणि त्यातलंही एवढंच, की आपण रोज काय करतो ते कसं सांगायचं.

बाई पुण्याला वारल्या असं परवा वंदनाने सांगितलं. ती दासगावची, आमच्याच वर्गातली. तिला तरी ते महिन्याने कळलं. तेव्हापासून कामात लक्ष लागत नाही, म्हणून लिहायला बसले.

महाडला चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर होतं. हायस्कूलमधून निवृत्त झाल्यावर दुपारच्या वेळी पुढच्या खोलीत त्या बायकांना इंग्रजी शिकवत. मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला होता. महापुराच्या पाण्याची रेघ फळ्याच्याही वर भिंतीवर उमटलेली होती. मुलगा तेव्हापासून घर विकायला सांगत होता आणि बाई म्हणत, "वर्ग चालू आहे, मध्येच कशी येऊ?"

पहिल्या दिवशी त्या आम्हाला म्हणाल्या, "काल काय झालं ते मला नको. उद्याचं देवाला ठाऊक. रोज काय करतेस ते सांग." पुढेही तेच. कोणी नवीन आली की तिला तोच प्रश्न, आणि ती अडखळत सांगत असताना बाई अशा ऐकत, जसं काही एखादी गोष्ट चालू आहे. चूल पेटवते, पाणी भरते, डबा करते, यात ऐकण्यासारखं काय असतं? पण त्या ऐकत. आम्ही माघारी त्यांना 'रोजच्या बाई' म्हणायचो. ते त्यांना कळलं तेव्हा हसून म्हणाल्या, "बरं झालं, कधीतरीच्या बाई नाही म्हणालात."

मी पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतली. मुलीच्या शाळेसाठी महाडला खोली घेऊन राहिले होते आणि स्टँडजवळच्या खानावळीत भांडी घासत होते. मुलीचे वडील मुंबईला गोदामात कामाला. ते पाठवत ते गावी सासू-सासऱ्यांना जेमतेम पुरे. एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या गेस्ट हाऊसला स्वयंपाकीण हवी होती. बाहेरचे पाहुणे येतात, थोडं इंग्रजी समजायला हवं, बोलायला हवं, असं कळलं. ती नोकरी मिळाली नसती तर पिंकीला शाळेतून काढून वाडीवर परत न्यावं लागलं असतं. मी बाईंच्या दारात जाऊन उभी राहिले.

"फी आहे का?" त्यांनीच विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग नोकरी लागल्यावर दे. पण दे. फुकट शिकलेलं डोक्यात राहत नाही."

वर्गात आम्ही फार हसायचो. एकदा बाई म्हणाल्या, नवऱ्याचं नाव घेऊन सांगा, तो काय काम करतो. नवऱ्याचं नाव कोण घेणार? शेवटी मी म्हटलं, "पिंकीज फादर वर्क्स इन मुंबई." मग वाट मोकळी झाली. कोणाचा बंटीज फादर, कोणाचा साक्षीज फादर, सगळे मुंबईला कामाला लागले. एक मुलगी नुकतीच लग्न होऊन आली होती. तिला पोर नाही, मग बापाला नाव कुठून आणायचं? ती लाजत लाजत म्हणाली, "अवर धिस वर्क्स इन मुंबई."

बाईंना आधी कळेना. वंदना म्हणाली, "आवो बाई, आमचे हे! आमचे हे म्हंते ती!"

बाई खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "आमचे हे गेले त्याला किती वर्षं झाली, मीसुद्धा नाव घेत नाही." आणि लगेच फळ्याकडे वळल्या.

क्रियापदाला 'स' लावायचं आम्ही सारख्या विसरायचो. बाई सांगत, "तो एकटा असतो, ती एकटी असते. एकट्याला सोबत लागते, म्हणून स द्यायचा."

वंदना म्हणाली, "मंग मी बी एकटीच हाय की! मला का नाय?"

"तू बोलते आहेस ना? म्हणजे तुझ्यासमोर कोणीतरी ऐकायला आहे. तू कसली एकटी?"

हे त्या अगदी सहज म्हणाल्या होत्या.

आणखी एक सवय होती. वाक्य बरोबर आलं तरी त्या सोडत नसत. "वाक्य बरोबर. खरं आहे का?" असं विचारत. एकीने झोकात सांगितलं की ती रोज दूध पिते. बाईंनी विचारल्यावर खाली बघून म्हणाली, "नाय बाई, दूध डेरीला जातं." बाई म्हणाल्या, "मग तेच सांग. ही भाषा परकी आहे म्हणून तिच्यात खोटं बोलू नका."

त्याचाच मला उपयोग झाला. गेस्ट हाऊसच्या साहेबांसमोर मी जाऊन उभी राहिले. पायातल्या चपलाही बाईंनी घेऊन दिलेल्या होत्या. म्हणाल्या होत्या, "हे फीमध्ये धर." साहेबांनी विचारलं, मी काय काय करते. भात, मासळीचं कालवण, तांदळाची भाकरी, सगळं सांगितलं. पिझ्झा करते का म्हणाले. मी म्हटलं, "नो सर. आय डोन्ट मेक पिझ्झा." ते हसले आणि कधीपासून येणार ते विचारलं.

पहिला पगार झाला त्या रविवारी फीचे आणि चपलांचे सगळे पैसे रुमालात बांधून मी बाईंकडे गेले. त्यांनी त्यातली एक नोट घेतली आणि बाकीच्या परत माझ्या हातात ठेवल्या.

"एवढे पुरे. बाकीचे पुढच्या महिन्यात."

"बाई, सगळे हायेत. मोजून आनलेत."

"असू देत. एकदम आले की माझ्याकडून खर्च होतात."

मला वाटलं, माझी दया आली त्यांना. थोडं लागलंही मनाला. पण दर महिन्याला तेच झालं. एक नोट घ्यायच्या, मग चहा ठेवायच्या आणि म्हणायच्या, "सांग आता, रोज काय करतेस." मी गेस्ट हाऊसचं सगळं इंग्रजीत सांगायची. एक पाहुणे चपातीला साखर लावून खातात, एक पाहुणे जेवताना बायकोला फोनवर ताट दाखवतात. बाई डोळे मिटून ऐकायच्या. वर्ग तोवर बंद झाला होता. त्यांना गुडघ्यांमुळे फळ्याशी उभं राहवत नव्हतं.

एका महिन्यात पाहुणे फार होते आणि मला सुट्टी मिळाली नाही. पैसे द्यायचे तर वेळेवर द्यावेत, एवढंच मला कळत होतं. मी नोट वंदनाजवळ दिली. संध्याकाळी ती नोट परत घेऊन आली.

"घेतली नाय गो त्यांनी. म्हनाल्या, तिला सांग, स्वतः आणून दे. आन सुरेखा, दोन कप मांडून ठेवलेवते टेबलावर. बशीत खांडवी. मी म्हटलं, मी बसू का? तर म्हनाल्या, बस बाई. पन ध्यान दाराकडंच."

तेव्हा मला कळलं, त्या पैसे का उरवत होत्या.

त्यानंतर मी एकही रविवार चुकवला नाही, नोटेचा असो वा नसो. जाताना भाजी घेऊन जायची, त्यांच्या केसांना तेल लावून द्यायची. वर्गात त्या फळ्यावर नेहमी एक वाक्य लिहायच्या, "माय सन कॉल्स मी एव्हरी संडे." माझ्या समोर त्यांचा मोबाईल टेबलावर असायचा, विणलेल्या रुमालावर. इतक्या रविवारी मी बसले, तो वाजलेला ऐकला नाही. एकदा तेल लावता लावता माझी नजर त्याच्याकडे गेली आणि बाईंनी समोरच्या आरशात ते पाहिलं.

"वाक्य बरोबर आहे," त्या म्हणाल्या. पुढचं त्यांनी विचारलं नाही. मी केस विंचरत राहिले.

शेवटच्या रविवारी दारात टेम्पो उभा होता. मुलगा आला होता. माणूस वाईट नव्हता. "ताई, तुम्ही फार केलंत आईचं," म्हणाला. घर विकलं होतं. फळा भिंतीवरून उतरवून उलटा टेकवलेला होता. बाई पलंगावर बसल्या होत्या, पायात मोजे, मांडीवर पर्स. फार वाळल्या होत्या.

मी नेहमीसारखी एक नोट पुढे केली.

"आज सगळे दे," बाई म्हणाल्या.

"थोडे राहू द्या ना बाई. मी पुन्याला आनून देईन."

"पुण्याला कोण येतं गो?"

त्यांच्या तोंडून 'गो' मी पहिल्यांदाच ऐकलं. आमच्या वाडीवर आई म्हणायची तसं.

मी उरलेल्या नोटांच्या रुमालाची गाठ सोडायला घेतली. ती घट्ट बसली होती, सुटता सुटेना. बाईंनी नोटा हातात घेतल्या, एकेक करून मोजल्या, पुन्हा एकदा मोजल्या, पर्समध्ये ठेवल्या आणि चेन ओढून घेतली. मग मुलाला ऐकू जाईल अशा, वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "सुरेखाचे सगळे पैसे आले. काही बाकी नाही."