दोन लिटरवरची गाणी

कवळीताई हे नाव मी ठेवलं, आणि ते त्यांच्या तोंडावर म्हणायची हिंमत मला अजून झालेली नाही. त्या दातांच्या लॅबमध्ये कामाला आहेत. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचे साचे पाठवतात, ताई त्यात प्लास्टर ओततात, मेणावर एकेक दात बसवतात, घासूनपुसून कवळी चकचकीत करतात. सकाळी आठ ते एक. शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू ह्या बाईंच्या हातचं आहे. स्वतः मात्र हसताना ओठ मिटून घेतात. वय त्रेचाळीस, लग्न नाही, घरात आई आणि आईचं मशीन.

त्या मशीनचा मी मशीनवाला. हवेतून ऑक्सिजन गाळून नळीने नाकात सोडणारं, कमरेइतकं उंच, बावीस किलोचं धूड आमचं दुकान घरोघरी देतं. दर महिन्याला जाऊन जाळी धुवायची, फिल्टर बदलायचा आणि मीटर बघायचं, हे माझं काम. गाडीला किलोमीटरचा आकडा असतो तसा ह्याला तासांचा असतो. ताईंच्या आईला डॉक्टरांनी चोवीस तास दोन लिटर सांगितलेत, म्हणजे मिनिटाला दोन लिटर. तेव्हा तीस दिवसांत आकडा सातशेवीसने पुढे सरकायला हवा. वीज गेली की तेवढा वेळ कोपऱ्यातला सिलिंडर. एवढं एक गणित मला पक्कं येतं, कारण आमच्या शाळेत संगीताच्या तासालाही गणिताचेच सर यायचे.

आईंची फुप्फुसं कामातून गेलेली, जीभ मात्र ठणठणीत. मी तिसरा मजला चढून धापा टाकत दारात उभा राहिलो की आतून आवाज यायचा, "जावईबापू आले वाटतं! अगं, नळी दे त्यांना थोडी, माझ्यापेक्षा जास्त धाप लागलीये."

"आई, तो माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान आहे."

"मग काय झालं? दर महिन्याला न चुकता येतो. खरे जावई तरी कुठे येतात एवढे?"

घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत आईंची खाट आणि उशाशी मशीन. बाहेरच्या खोलीत ओटा, जेवायचं टेबल आणि ताईंचा अल्बम. अल्बम म्हणजे काय, तर एक जुना लॅपटॉप, दोन हात रुंद की-बोर्ड, एक माइक, आणि कपडे वाळत घालायच्या घोडीवर टाकलेली रजई. त्या रजईत डोकं घालून ताई गायच्या. दुपारी दोन ते चार, आई झोपल्या की. चार वर्षं हे चाललं होतं. आठ गाणी झाली होती, नववं व्हायचं होतं, आणि नववं झालं की अल्बम लोकांना ऐकायला इंटरनेटवर सोडायचा होता. आयुष्यात दुसरं काही त्यांनी स्वतःसाठी मागितल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

गाणी कशी होती, ते मला नीट सांगता येणार नाही. धुकं पडलंय, त्यातून कुणीतरी अनवाणी चालतंय, आणि लांब कुठेतरी फ्रीज चालू आहे, असं काहीसं. ठेक्याला तबला नाही, ड्रम नाही. लॅबमधल्या दोन कवळ्या एकमेकींवर आपटून तो आवाज त्यांनी कॉम्प्युटरमध्ये लांबवला होता. आईंना एकदा हेडफोन लावून ऐकवलं. पाच मिनिटं शांतपणे ऐकून त्या म्हणाल्या, "छान आहे गं. पण गाणं सुरू कधी होतं?"

ह्या सगळ्याच्या खाली मात्र एक घरघर होती. तीच आमच्या मशीनची. सुरुवातीला ताईंनी ती घालवायचा फार प्रयत्न केला. मशीनभोवती गाद्या लावल्या, तेव्हा मीच ओरडलो होतो, "ताई, त्याला हवा लागते. तापून बंद पडलं तर?" मग दार लावून बघितलं, तर दाराआड आई खोकल्या तर कळायचं नाही, म्हणून दोन मिनिटांत उघडलं. शेवटी त्यांनी हार मानली आणि भलतंच शहाणपण केलं. मशीन कुठल्या सुरात घरघरतं ते शोधलं आणि आठही गाणी त्याच सुरात बांधली. दर पाच सेकंदांनी मशीन फुस्स करतं, तर ठेकाही पाच सेकंदांचा धरला. मला हेडफोन लावून म्हणाल्या, "ओळख पाहू."

"आपलं मशीन!" मी म्हणालो. ऊर भरून आला माझा. जाळी मी धुतलेली होती.

आता माझा प्रताप ऐका.

तीन महिन्यांपूर्वी मी गेलो तेव्हा ताई लॅबमध्ये होत्या. मशीनचा पंप सहा वर्षांचा, आतून खिळखिळा. दुकानात नवे पंप आले होते, एक मी ह्या घरासाठी भांडून मिळवला होता. दीड तास खपून बसवला. बटण दाबलं. घरघर नाही. नुसतं हलकं फुस्स, तेही साडेतीन सेकंदांनी. आई कान टवकारून बसल्या.

"बंद पडलं का रे?"

"चालू आहे, मावशी. नळीपुढे हात धरून बघा."

त्यांनी हात धरला. मग बराच वेळ भिंतीकडे बघत राहिल्या. "घड्याळ ऐकू येतंय," म्हणाल्या. "सहा वर्षं नुसतं दिसत होतं मेलं."

सव्वा वाजता ताई आल्या. जिन्यावर चपला काढतानाच त्यांना मशीनचा आवाज यायचा, तो आला नाही. पिशवी दारातच टाकून, मला ढकलून त्या आत धावल्या. आई खाटेवर बसून हसत होत्या. ताई तिथेच खाली बसल्या, आईंच्या पायाला धरून. "अगं, जिवंत आहे मी," आई म्हणाल्या, "जावयाने मशीन गप्प केलंय."

मी शाबासकीची वाट बघत उभा. ताईंनी घोटभर पाणी प्यायल्यावर विचारलं, "जुना पंप कुठाय?"

दुसऱ्या दिवशी मी गोदामात गेलो. माझ्या आधी भंगारवाला जाऊन आला होता.

ताईंनी मला शिवी दिली नाही, म्हणून जास्त लागलं. आधीच्या गाण्यांतून घरघरीचा तुकडा कापून जोडून बघितला त्यांनी. पण ती घरघर सुटी अशी कधी रेकॉर्ड केलेलीच नव्हती, कोण करतं? सापडला तो दहा सेकंदांचा तुकडा, त्यात आईंचा खोकला. तो जोडत गेलं की दर दहा सेकंदांनी आई त्याच जागी, तसंच खोकायच्या. ताईंनी ते अर्ध्या मिनिटात बंद केलं. नवीन फुस्स ठेक्यात बसेना, मधेच टपकायचं. "नववं गाणं राहणार बहुतेक," त्या मला म्हणाल्या. आवाज हळू केला नव्हता. घरघर असती तर चाललं असतं. आता त्या घरात सगळंच सगळ्यांना ऐकू जात होतं.

गाणंही. चार वर्षं आईंना त्यातलं अक्षर कळलं नव्हतं, मशीनच्या आवाजात ताईंचं ते हळू गाणं बुडून जायचं. आता दुपारी डोळे मिटून पडल्या पडल्या त्यांना नववं गाणं ओळ न् ओळ ऐकू आलं.

*दार उघडं ठेवून निजते मी*
*दार उघडं ठेवून गाते*
*एकदा आतून कडी लावून*
*कशी असते मी, बघायचंय*

पुढच्या महिन्यात गेलो तर आईंच्या खोलीचं दार दुपारचं लोटलेलं. ताई खुशीत, रजईतून बाहेर येत म्हणाल्या, "आईच म्हणाली, उजेड डोळ्यावर येतो, दार लावत जा. आणि तुला सांगू का, दार लावलं की फुस्ससुद्धा येत नाही! पहिले दोन दिवस आलं, मग माइकलाच सवय झाली म्हण." असं म्हणून खुदकन हसल्या. दात दिसले. छान आहेत.

मी आत गेलो. आईंनी हात शालीत घेतलेले. मशीन चालू होतं. मी खाली वाकून मीटर बघितलं, मागचा आकडा वजा केला. सहाशे शहात्तर. पुन्हा केला. सहाशे शहात्तरच. चव्वेचाळीस तास कमी.

"वीज फार गेली का, मावशी?"

"हो, जाते की."

"सिलिंडर तर भरलेला आहे."

मी मनातल्या मनात भाग दिला. रोजचे दोन तास धरले तर बावीस दुपारी.

"हात दाखवा."

"तू काय ज्योतिषी आहेस?"

"मावशी, हात."

नखं जांभळी होती.

"ओरडू नकोस," त्या पुटपुटल्या. "ती टोपणं लावते ना कानाला, तेव्हा हळूच बटण बंद करते. पडून राहते. काही होत नाही, नुसती पडूनच तर असते. आवाज आला की तिचं गाणं मोडतं. चार ओळी राहिल्यात. रविवारपर्यंत होईल म्हणाली. तोवर तोंड उघडलंस तर पुन्हा ह्या घरात चहा मिळणार नाही."

"चहा गेला खड्ड्यात. डॉक्टरांनी चोवीस तास सांगितलंय."

"चोवीस तास दार उघडं ठेवून बसलीये ती, सहा वर्षं. त्याचं मीटर कोण बघतं रे?"

फॉर्मवर कमी तासांचं कारण लिहायला एक रकाना असतो. मी 'वीज नव्हती' असं लिहिलं. अक्षर चांगलं आलं, शाळेत सुलेखनाचं बक्षीस होतं माझं.

शुक्रवारी ताईंचा फोन. "झालं! अरे, झालं नववं! उद्या ये ऐकायला. पेढे नाही मिळणार, बिस्किटं आहेत."

शनिवारी गेलो. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, हेडफोन लावले, आणि समोर उभ्या राहून माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. गाणं सुरू झालं. मला गाण्यातलं कळत नाही, पण हे बाकीच्या आठांपेक्षा चांगलं होतं हे मलाही कळलं. आधी नुसती शांतता होती, स्वच्छ, धुतलेल्या काचेसारखी. मग त्या शांततेत त्यांचा आवाज आला, आणि कवळ्यांचा तो टक, टक, लांबून. शेवटच्या ओळीनंतर पुन्हा बराच वेळ काही नाही. त्या काही-नाहीमध्ये दाराआड काय चाललं होतं, ते खोलीत फक्त मला माहीत होतं.

"कसंय?"

"छान झालंय, ताई."

उघड्या दारातून आई दिसत होत्या. नळी नाकात, ओठ निळसर, आणि मला बोट वर करून दाखवत होत्या. झालं ना, मग गप्प बस. मीही ठरवलं होतं. झालं गाणं, आता कशाला त्या बटण बंद करतील? पोटातच ठेवू दोघं मिळून हे गुपित.

तेवढ्यात ताई म्हणाल्या, "मी काय ठरवलंय सांगू? हे इतकं स्वच्छ झालंय की बाकीची आता कानाला टोचतात. सगळी आठ पुन्हा गाणार. अश्शीच, शांततेत. वर्षभर लागेल, लागू दे."

आत आईंचं बोट हळूहळू खाली आलं. मग त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून.

मी सांगितलं. फार थोडक्यात सांगितलं, मीटरचे आकडे आणि बावीस दुपारी. फॉर्मवर काय लिहिलं तेही. ताईंनी लॅपटॉपवर त्या गाण्याची तारीख बघितली, मग माझ्याकडे.

"ह्यात पण?"

"हो."

त्यांनी हेडफोनची वायर गोल गुंडाळली, सावकाश, टोकापर्यंत. मग आत जाऊन आईंची नखं बघितली, एकेक, लॅबमध्ये दात तपासतात तशी.

"चार ओळींसाठी गं?" म्हणाल्या.

"चांगल्या होत्या," आई म्हणाल्या.

त्यानंतर डॉक्टरांनी दोनाचे साडेतीन लिटर केले. गेलेलं परत येत नाही म्हणाले, आता खालीच जाणार, फक्त किती सावकाश ते बघायचं. ताईंनी दाराचे स्क्रू काढले आणि दार जिन्याखाली नेऊन ठेवलं. मीच खाली न्यायला मदत केली, तिथे मी उपयोगाचा असतो. रजई पुन्हा अंथरुणात गेली, घोडीवर कपडे वाळतात. गाणी लॅपटॉपमध्ये आहेत. नववं पुसलं नाही, पण ऐकतही नाहीत, आणि त्याच्याशिवाय बाकीची सोडायची नाहीत म्हणतात.

आई माझ्याशी दोन महिने बोलल्या नाहीत. जावई म्हणणं तर बंदच झालं. परवा मात्र मी जाळी धूत होतो, ताई ओट्यापाशी भांडी घासत होत्या, आणि आई खाटेवरून, दमानं, दोन शब्दांमागे एक श्वास घेत म्हणाल्या, "गा की गं... काहीतरी."

ताईंनी नळ मोठा केला.

मी वाकून मीटर बघितलं. सातशे चव्वेचाळीस तास. एकतीस दिवसांचा महिना होता, एक तासही कमी नाही. फॉर्मवर आकडा लिहिला, कारणाचा रकाना कोरा सोडला, आणि निघालो.