एकसष्ट जीबीतला गुडघा

भानुमतीकाकू फोनवर बोलताना समोर कोणी नसलं तरी कमरेत वाकतात. ओनिगिरीच्या, म्हणजे जपानी भाताच्या मुटक्यांच्या, भातात मेतकूट कालवतात. कचरा बाहेर ठेवायचा वार तळहातावर पेनने लिहितात. कॉम्प्युटर सुरू करताना ‘चला’ म्हणतात आणि बंद करताना ‘झोपा आता’. जपानीत हसताना तोंडावर हात ठेवतात. मराठीत हसल्या की शेजारच्या टेबलावरचे लोक वर बघतात.

त्या सत्तावन्न वर्षांच्या आहेत. जपानमधल्या त्सुकुबात कृत्रिम गुडघे बनवणारी एक छोटी कंपनी आहे. तिथे सतरा वर्षं त्या भारतातल्या ग्राहकांचं काम बघतात. नवरा जपानी. मुलगा केन ओजिमाला असतो, सॉफ्टवेअरमध्ये. मी मराठीत एम.ए. करून नवऱ्याबरोबर इथे आले आणि त्यांच्या ऑफिसात आठवड्याचे तीन दिवस बाइतो, म्हणजे तासांवरचं काम, करू लागले. गुडघ्यांतलं मला काही कळत नव्हतं.

एका बुधवारी सकाळी सांगलीहून व्हिडिओ कॉल आला. चित्राताईंचा. त्या शाळेत गणित शिकवतात. अपघातात पाय गेल्यावर, २०११च्या शेवटी, गुडघा बसवून घ्यायला त्या त्सुकुबाला आल्या होत्या. तीन महिने काकूंच्या घरी राहिल्या.

“भानू, माझा पाय कपाटाला टेकून उभा आहे आणि मी खुर्चीत,” त्या म्हणाल्या. “कोण जास्त ऐटीत आहे बघ.”

गुडघ्यातली करंगळीएवढी पिन मोडली होती.

“अगं, नवीन गुडघा घे.”

“घेते की. मग सहा महिने पुन्हा चालायला शिकते. तोवर माझे दहावीचे वर्ग तू घे. त्रिकोणमिती येते?”

“मला भागाकार येत नाही.”

“मग पिन पाठव.”

ते मॉडेल बंद होऊन नऊ वर्षं झाली होती. ती पिन लेथवर कातणारा एकच माणूस उरला होता. ओजिमाचे नोगुची-सान, वय एक्याऐंशी. शुक्रवारी संध्याकाळी पाचला ते कारखाना कायमचा बंद करणार होते. शनिवारी लेथ उचलायला माणसं येणार होती.

पिनेचं ड्रॉइंग हवं होतं. कंपनीच्या सर्व्हरवर तिसरी आवृत्ती होती. चित्राताईंच्या गुडघ्यात होती पाचवी. ती काढणारे कोबायाशी-सान वारले होते. पाचवी आवृत्ती त्यांनी फक्त काकूंना मेलने पाठवली होती.

“म्हणजे ड्रॉइंग आहे,” मी म्हटलं.

“आहे ना,” काकू म्हणाल्या. “या बाईच्या पोटात.”

बाई म्हणजे ‘जुनं’ नावाची फाइल. सतरा वर्षांच्या सगळ्या मेल्स तिच्यात होत्या. एकसष्ट जीबी. काकूंनी ती उघडली. गोल चक्र फिरलं. पडदा पांढरा झाला. प्रोग्राम बंद पडला. पुन्हा उघडली. या वेळी काकूंनी शोधायच्या चौकटीत कोबायाशी-सानचं नाव लिहिलं. चौथ्या अक्षराला बंद पडला.

त्यांनी केनला फोन लावला. तो जपानीत बोलत होता, काकू मराठीत.

“तो म्हणतो, ही फाइल नाही, गोदाम आहे, आणि त्याला कागदाचं दार लावलंय,” काकूंनी मला सांगितलं. मग फोनमध्ये म्हणाल्या, “अरे, उपाय सांग. वर्णन करायला माझ्याकडे साहित्यवाली आहे.”

उपाय असा होता. मूळ फाइलला हात लावायचा नाही. तिची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यायची. नकलेवर दुरुस्तीचा प्रोग्राम चालवायचा. मग एकेक तुकडा काढून नव्या, लहान फाइलमध्ये ठेवायचा. शोधायचं ते लहान फाइलमध्ये.

नक्कल आणि दुरुस्तीत गुरुवारचे दोन वाजले. २०११ हे वर्ष काढायला घेतलं, प्रोग्राम बंद पडला. सहा महिने घेतले, बंद पडला. काकूंनी बाह्या वर केल्या. एकेक महिना. ऑक्टोबर सुखरूप बाहेर आला. त्यात काही नव्हतं. नोव्हेंबर दोनदा कोसळला. मग काकू एकेका दिवसावर आल्या. एक तारीख, दोन तारीख. प्रत्येक तारीख आली की त्या टेबलावर टिचकी मारायच्या. मी तारखा कागदावर लिहीत होते आणि प्रत्येक टिचकीला खुर्चीतून उठत होते. मेल्स हलवण्याच्या कामात असं होईल हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

शुक्रवारी दहा चाळीसला सतरा नोव्हेंबर बाहेर आला. त्यात कोबायाशी-सानची मेल होती. पाचवी आवृत्ती.

काकूंनी ती उघडली. पडद्यावर पासवर्डची चौकट आली.

इथल्या ऑफिसांत वर्षानुवर्षं एक पद्धत होती. जोडपत्राला, म्हणजे अटॅचमेंटला, कुलूप लावून पाठवायचं आणि मागोमाग दुसऱ्या मेलमध्ये त्याची किल्ली. दुसरी मेल एका ओळीची. पासवर्ड अमुक आहे, बस.

“मग दुसरी मेल शोधू या,” मी म्हटलं.

काकूंनी माउसवरचा हात काढला.

“मी त्या काढून टाकल्या.”

चार वर्षांपूर्वी ही फाइल पहिल्यांदा कोसळली होती. तेव्हा हलकी करायची म्हणून काकूंनी आलेल्या सगळ्या एकोळी मेल्स पुसल्या होत्या. अकरा हजार. फाइल होती तेवढीच राहिली. वजन कुलूपबंद जोडपत्रांचं होतं. किल्ल्या गेल्या, कुलपं राहिली.

भिंतीवर अकरा वाजले. काकू उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या.

“किल्ली मिळाली की मी काय करायचे?” त्यांनी विचारलं. मला नव्हे, स्वतःलाच. “आभार मानायचे. जोडपत्राला एकदा, पासवर्डला एकदा. कोबायाशी-सान हसायचे मला.”

“मग?”

“अगं, उत्तराच्या खाली त्यांची मेल तशीच राहते. आणि पाठवलेल्या मेल्सना मी हात लावला नव्हता. स्वतःचं लिहिलेलं कोण फेकतं?”

पाठवलेल्यांमधली सतरा नोव्हेंबर काढायला घेतली. एकदा बंद पडला. काकूंनी कॉम्प्युटरला मराठीत एक शब्द ऐकवला, तो मी इथे लिहीत नाही. दुसऱ्यांदा, साडेबाराच्या सुमारास, तारीख बाहेर आली. तीत सकाळी नऊ बाराची काकूंची मेल होती. ‘पासवर्ड मिळाला, मनापासून आभारी आहे.’ त्याच्या खाली आठ अक्षरं.

मी ती वाचली, काकूंनी ती दाबली. ड्रॉइंग उघडलं. काकू मराठीत हसल्या आणि सगळं ऑफिस वर बघू लागलं.

नोगुची-सानकडे मेल नाही. केन ओजिमातच राहतो, पण त्या दिवशी कामासाठी बाहेरगावी होता. फॅक्सवर बारीक आकडे पुसट येतात. काकूंनी कागद प्लास्टिकच्या पाकिटात घातला आणि आम्ही स्टेशनकडे धावलो. आकिहाबारापर्यंत पंचेचाळीस मिनिटं. त्या उभ्याच होत्या, सीट रिकामी असून. गाडी बदलून ओजिमाला पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. लेथवर कापड घातलं होतं.

नोगुची-साननी कागद उजेडात धरला.

“पाचवी,” ते म्हणाले. “तिसरी आणली असतीत तर तुम्ही फोनवर सांगितलेली बाई पायरीवर अडखळली असती.”

त्यांनी कापड काढलं. पाचला दहा कमी असताना टेबलावर सहा पिना होत्या, अजून कोमट. पाच वाजता त्यांनी स्विच खाली केला. काकू इतक्या खाली वाकल्या की त्यांची पर्स डोक्यावरून पुढे आली.

सोमवारी कंपनीच्या लॅबने पिना तपासून पास केल्या. काकूंनी रजा टाकली आणि मंगळवारी स्वतः घेऊन निघाल्या. काल सांगलीहून कॉल आला. चित्राताई स्वयंपाकघरातून दारापर्यंत चालत आल्या, तिथून परत गेल्या, पुन्हा आल्या.

“सोमवारपासून वर्ग,” त्या म्हणाल्या. “भानूला मागच्या बाकावर बसवते. भागाकारापासून सुरुवात.”

इथे काकूंच्या टेबलावर कॉम्प्युटर सुरूच आहे. निघायच्या दिवशी सकाळी, आता उरलेलंही सोडवू म्हणून, त्यांनी डिसेंबर २०११ काढायला घेतला होता. विमानतळाची बस आली तेव्हा नऊ डिसेंबरपर्यंतच्या मेल्स बाहेर आल्या होत्या. पडद्याला चिठ्ठी लावली आहे, ‘बंद करू नये’. दहा डिसेंबरपासून पुढचं सगळं अजून ‘जुनं’मध्येच आहे.