सत्यवतीने लावलेला कौल

माझी बायको सत्यवती कौल लावल्याशिवाय म्हैससुद्धा घेत नसे. गावी देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि गुरवाने गाऱ्हाणं घालायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी शाळामास्तर, मला या प्रकाराची भयंकर चीड. पण तिच्यापुढे माझं कोण ऐकतो!

अठ्ठावन्न साली मिरजेला माझं मुतखड्याचं ऑपरेशन झालं. त्याआधी ती गावी जाऊन आली होती. "उजवो दिल्यान," एवढंच म्हणाली.

मालवणला परतल्यावर दीड महिना खाटेवर. पडून पडून डोकं उठलं. म्हटलं, गावी जाऊ, माझ्या आयेला भेटू, हिच्या समाधानासाठी देवाला नारळ ठेवू. पाटीवर प्रवास आखला: एसटीने कसाल, कणकवली, तळेरे, मग विजयदुर्गाच्या गाडीने फाट्यापर्यंत, पुढे आमच्या गावातल्या शंकरची बैलगाडी. गचके बसू नयेत म्हणून उशी कुठे घ्यायची तेही लिहिलं. सत्यवती मात्र रोज मोडता घाली. आज रस्ता वाईट, उद्या अमावास्या.

शेवटी माझा पारा चढला. "देवान उजवो दिल्यान, मी जगलंय, आणि तुका त्याच्या पायार पडूक सवड नाय? खंयची गो तू भक्तीण!"

ती मटकन खाली बसली. "डावो इललो. तीनदा लावलंय. तीनदा डावो."

म्हशीसाठी देवाला विचारणारी ही बाई, तीनदा नकार घेऊन मला मिरजेला नेते? आणि चकार शब्द बोलत नाही?

"डाक्टर म्हणालो, कापूक नाय तर हे महिनो काढूचे नाय. मगे काय करू?" ती रडायला लागली. "पण गुरव देवासमोर काय लपवूचो नाय. आयेक कळला तर ती माका उंबऱ्यात घेवची नाय."

तरी गेलो. देवळात आयेदेखत गुरवाने गाऱ्हाण्यात डाव्या कौलाचं नाव काढलं मात्र, आये सत्यवतीकडे गर्रकन वळली. मी मध्ये पडलो.

"तिका काय इचारतंस? तिणे माका डावोच सांगितलेल्यान. मीच ऐकूक नाय."

आयेची खाडकन कानाखाली बसली. बेचाळीस वर्षांचा मास्तर मी, साऱ्या देवळादेखत! मी गाल धरून उभा. आये सत्यवतीला म्हणाली, "कसो काढतंस गो ह्या येड्याबरोबर संसार?" आणि तिचा हात धरून घराकडे चालू लागली.