लेथचा ऑटो कुणी लावला

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. आणि सांगायचं तर आधी त्या ऑटोचंच सांगावं लागेल — रिक्षा नव्हे हो, लेथचा ऑटो! तो पहिल्यांदा चालताना पाहिला तेव्हा मला काय झालं, ते कळल्याशिवाय पुढचं कसं कळणार?

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. खुलताबादकडं त्यांची मेंढरं होती. एका दुष्काळात कळप विकला, वाळूजला कारखान्यात लागले, लेथ — लोखंड फिरवत कातायचं मशीन — शिकले. रिटायर झाल्यावर शहराच्या कडेला, आमच्या नव्या वस्तीत, घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी एक जुना छोटा लेथ आणून बसवला. पुन्हा दुष्काळाचीच वर्षं होती, पण शहर वाढायचं थांबतंय होय? जिकडंतिकडं बोअर पाडणं चालू होतं. पंपांचे शाफ्ट, म्हणजे आतले लोखंडी आस, कातायला आमच्याकडं यायचे.

दुपारी काम कमी असलं की मामा मला शिकवायचे. आधी हातानं. कातायचं टूल ज्याच्यावर बसवतात ती कॅरेज — तिचं चाक फिरवत टूल शाफ्टवरून पुढं न्यायचं. माझा हात कधी घाई करायचा, कधी अडखळायचा, आणि शाफ्टवर रेघा उठायच्या. एक दिवस मामा म्हणाले, "सोड हात." आणि त्यांनी कॅरेजवरचा एक खटका दाबला.

कॅरेज आपली आपण चालायला लागली! कुणी ढकलत नव्हतं! मी वाकून, उकिडवी बसून, सगळीकडून बघितलं. शाफ्ट धरून फिरवतो तो चक. त्याचाच जोर डावीकडच्या गिअरांमधून खाली एका लांब दांड्याला मिळतो, आणि तो दांडा सारखा फिरत असतो. खटका दाबला की कॅरेजच्या पोटातले गिअर त्या दांड्याला धरतात आणि खालच्या दातेरी पट्टीवर दात रोवत पुढं सरकतात. शाफ्टचा एक फेरा — टूल केसभर पुढं. आणखी एक फेरा — आणखी केसभर. चक हळू फिरला तर कॅरेजही हळू! आणि मागं शाफ्ट कसा? आरशासारखा! लग्नातसुद्धा मी इतकी हरखले नव्हते, खरं सांगते.

"पण ह्याला डोळे नसतेत," मामा म्हणाले. "चकाजवळ आला की खटका आपणच उचलायचा. नायतर जाऊन धडकंल. ऑटो लावून जागा सोडायची नाय, बघ."

मला कळलं होतं. नीट कळलं होतं.

पुढं एक दिवस सकाळी मामा शाफ्ट कातत होते आणि मधेच लाइट गेली. ते जेवले, आत जाऊन आडवे झाले. दुपारी लाइट आली. मी शेडमध्ये गेले तर मशीनचं बटण बंद होतं, खटका वर होता — त्यांनी दोन्ही नेमानं केलेलं होतं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मी बटण दाबलं, ऑटो लावला. एकटीनं, पहिल्यांदाच! आणि मला राहवेना — कुणीतरी बघायला नको का? मी शेजारच्या सुनंदाताईंना बोलवायला पळाले. दाराला कुलूप. परत फिरायचं ना? मी कोपऱ्यापर्यंत गेले, त्या कुठं दिसतात का बघत.

मागून धाडकन आवाज आला.

कॅरेज फिरत्या चकाला जाऊन भिडली होती. टूल तुटलं होतं, पोटातल्या गिअरचे दात उडाले होते. मी बटण बंद केलं, तोवर मामा दारात.

"तू हात लावला व्हता का गं?"

रागानं नव्हतं विचारलं. व्हय म्हणाले असते तर काय झालं असतं? फार तर मामा ओरडले असते, आणि उद्या पुन्हा शिकवलं असतं. मी म्हणाले, "नाय मामा. मी टँकर बघायला कोपऱ्यावर गेले होते. आवाज आला म्हणून पळत येऊन बंद केलं."

संध्याकाळी नवऱ्यानं वडिलांना विचारलं, "दादा, लाइट गेल्यावर बटण बंद करायचं राहिलं का?"

मामांनी शेडकडं मान वळवली. "केल्यासारखं वाटतंय," ते म्हणाले. मग म्हणाले, "नसंल केलं. लाइट आली, आन् चालू झालं आपोआप."

मी पोळ्या लाटत होते. लाटत राहिले.

नवा गिअर बसला, पण मामांनी लेथला पुन्हा हात लावला नाही. "आता हीच चालवंल," म्हणाले. आणि मला आनंद झाला — हेच सांगायला सगळ्यात जड जातंय. सकाळी उठून कधी एकदा खटका दाबते असं व्हायचं. मला लेथ मिळाला होता! कामं वाढली, दुसरं मशीन आलं. लोक सुनेचं कौतुक करायचे, आणि खाटेवर बसलेले मामाही करायचे.

ते आणखी बरीच वर्षं जगले. कुलूप लावलं की चारदा ओढून बघायचे. सायकल सोडली. बीपीची गोळी घेतली की पाकीट घेऊन माझ्याकडं यायचे.

"मी घेतली का गं?"

"घेतली मामा," मी म्हणायचे.

त्यांनी घेतलेलीच असायची. एकदाही विसरले नाहीत.