अप्पांचे जुने बूट

बाळांनो, तुमच्यापैकी एकजण पुढच्या महिन्यात साठ किलोमीटर धावणार आहे आणि त्या दिवसासाठी नवे बूट जपून ठेवले आहेत, असं फोनवर कळलं. म्हणून हे लिहिते आहे.

साठच्या दशकातली, बंगळूरची गोष्ट. माझ्या मोठ्या भावाला, अण्णाला, कर्नाटकातल्याच डोंगराळ मलनाडच्या जंगलखात्यात नोकरी लागली होती. आदल्या वर्षी त्याला टायफॉइड झाला होता, त्यामुळे आमचे वडील, अप्पा, पाठवायला तयार नव्हते. "जिना चढताना धाप लागते, आणि म्हणे जंगल मोजणार," असं म्हणायचे. शेवटी अण्णानेच पैज लावली. आमच्या भागातल्या व्यायामशाळेने बंगळूर ते नंदी डोंगराचा पायथा अशी छत्तीस मैलांची दौड ठेवली होती. ती पुरी केली तर जाऊ द्यायचं.

"सरी, ठीक आहे," अप्पा म्हणाले. "दुपारी दोनच्या आत पोचलास तर."

तयारी माझ्याकडे होती. मी कॉलेजात होते आणि मला वेळापत्रकांची हौस होती. दर मैलाला बारा मिनिटं, अशा छत्तीस ओळी वहीच्या पानावर आखल्या. चढ कुठे, ऊन कधी, याला रकानाच नव्हता. आईने पांढरे कॅनव्हासचे बूट आणले. आमच्याकडे नवी वस्तू चांगल्या दिवशीच पहिल्यांदा वापरायची. खोक्याला कुंकू लावून ते कपाटावर ठेवले आणि अण्णा दोन महिने जुन्या चपलांवर सराव करत राहिला. यात काही चुकतंय असं कुणालाच वाटलं नाही, मलासुद्धा.

सकाळी सहाला निघालो. मी सायकलवर, कॅरिअरला पिशवी: ग्लुकोज, लिंबं, मिठाची पुडी, टॉवेल. हेब्बाळच्या तळ्यापर्यंत अण्णा वेळापत्रकाच्या पुढे होता आणि मी खुशीत घंटी वाजवत होते. तेव्हाच त्याला हळू म्हणायला हवं होतं. यलहंकेला तो बोलेनासा झाला. देवनहळ्ळीच्या अलीकडे लंगडू लागला.

"किती मागे आहे गं?"

"चाळीस मिनिटं."

"फेक ते पान."

मी फेकलं नाही, घडी करून पिशवीत ठेवलं.

देवनहळ्ळीच्या बसथांब्यावर अप्पा उभे होते. येणार असं सांगितलं नव्हतं. अण्णाने बूट काढले तेव्हा टाचांची कातडी मोज्यांबरोबर निघाली. आता अप्पा त्याला बसमध्ये घालून घरी नेणार, असं मला वाटलं. त्यांच्या मनासारखंच झालं होतं. त्यांनी टॉवेल फाडून टाचा बांधल्या. मग खाली बसून स्वतःच्या बुटांचे बंद सोडले. ऑफिसचे, वापरून वापरून मऊ पडलेले. दोघांच्या पायाचं माप एकच.

"घाल."

"अप्पा, दोनच्या आत आता..."

"घड्याळ मी बघतो. चढ आला की चाल, सपाटीवर पळ. स्वल्प सावकाश." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि तू सायकल पुढे काढू नकोस. त्याच्या मागे राहा."

मी मागे राहिले. तो चढ चालला, सपाटीवर पळाला, मैलामैलाला लिंबू-मीठ चाटत गेला. पायथ्याशी पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. व्यायामशाळेचं टेबलही उचललं होतं. बसने आधीच येऊन अप्पा एका दगडावर बसले होते, अनवाणी, नवे बूट मांडीवर घेऊन.

"उशीर झाला," अण्णा खाली बघत म्हणाला.

"टोचले का?"

"नाही."

"मग तिकडे हेच घेऊन जा."

अण्णा पंधरवड्याने गेला. ते कॅनव्हासचे बूट अप्पा ऑफिसला घालू लागले. महिनाभर जरा लंगडतच जायचे.

"या वयात पांढरे बूट," आई म्हणायची. "काय शोभतं का?"

"अजून स्वल्प मऊ व्हायचेत," ते म्हणायचे.

मनासारखे मऊ झाल्यावर त्यांनी ते धुतले, खडूने पांढरे केले आणि पार्सल करून अण्णाला पाठवले.