लवंगेचा पाव

कोपऱ्यावरच्या चाचांच्या बेकरीत परवा एक बाई पाव परत करायला आल्या होत्या. पावाला बुरशी आलेली नव्हती, तो छान मऊ होता. तक्रार वेगळीच होती. "चाचा, याला लवंगेचा वास येतो!"

"बुरशी धरू नये म्हणून लवंगेचं तेल घातलंय, ताई. पाव टिकवायची रासायनिक पावडर नको, असं तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हणून काय औषध खायचं?"

माझं डोकंच फिरलं. मसालेभातात लवंग चालते, दुखऱ्या दाढेत चालते, जेवणानंतरचा विडा तर आपण लवंग टोचूनच बंद करतो. पावात आली की लगेच औषध! झाडानं स्वतःला वाचवायला इवल्याशा कळीत साठवलेला तो उग्रपणा. तो आपल्याला फुकट हवा, पण त्याचा वास नको. रसायन नको, बुरशीही नको. मग बुरशीला काय हात जोडून विनंती करायची?

आज चाचांनी पुन्हा पहिल्यासारखा, पावडर घातलेला पाव ठेवला होता. त्याच बाईंनी तो हुंगला आणि त्या खूश झाल्या.

"आता कसा, कसलाच वास नाही! आठवडाभर टिकेल ना?"

"टिकेल," चाचा म्हणाले.

कशामुळे टिकेल, ते बाईंनी विचारलं नाही.