दोन जागी टाकलेलं रोप

बदलत्या हवामानाला गावाने कसं तोंड द्यायचं, याचा सरकारी आराखडा करायला मी इंदुरीजवळच्या एका वस्तीवर गेलो होतो. सभा आम्ही ठेवली होती ऐन भातलावणीत. ग्रामपंचायतीत चिटपाखरू नव्हतं. चिडून शेताकडे गेलो, तर बांधाखाली एक मावशी वाकून लावणी करत होत्या. डोक्यावर खताच्या गोणीची खोळ. माझ्याशी बोलतानाही त्यांनी कंबर सरळ केली नाही.

"सभेला कुणीच कसं नाही, मावशी?"

"रोप थांबत न्हाई, भाऊ."

ते रोप त्यांनी वरच्या माळावरून आणलं होतं. नदीकाठी टाकलेलं पुराच्या पाण्यात कुजून गेलं होतं. माळावरचं नसतं, तर वर्षाचा भात गेला असता.

"पूर येणार, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच न्हाई. म्हणून तर दोन जागी टाकलं."

चिखलातले हात चालूच राहिले.

मी बांधावर बसून फाइल उघडली. 'गावाची सध्याची तयारी' असा त्यात एक रकाना होता. पुण्याहून निघतानाच मी तिथे लिहून आणलं होतं, 'काही नाही'.